मामाचं उष्टं

बंगळुरात मल्लेश्वरममधल्या त्या घरात पेल्याला ओठ लावून पाणी प्यायलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आलेला माणूस कितीही मोठा असो, त्यानं मान मागे टाकायची, पेला वर धरायचा आणि धार घशात सोडायची. शर्ट भिजला तर भिजला. मुलांना आधी हे शिकवत, मग पाढे. ही मंडळी मूळची साताऱ्याकडची. पणजोबा म्हैसूर संस्थानात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण कानडीत घोळलेली. उष्ट्याला ते एंजलु म्हणत. श्यामलाबाई तर तो शब्द असा काही उच्चारत, की समोरच्याला आपलं तोंड म्हणजे गटाराचं झाकण वाटावं.

त्यांचा मुलगा निहार या घरात वाढला. लहानपणापासून त्याच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात फोड यायचे. परीक्षा जवळ आली, ताप येऊन गेला, जागरणं झाली, की आधी तिथे मुंग्या येत. मग पाण्यानं भरलेल्या मोहरीएवढ्या फोडांचा झुबका उठे, फुटे, खपली धरी आणि जाई. श्यामलाबाई त्याला जर म्हणत. अंगातली उष्णता बाहेर पडते, पडू द्यावी, असं त्यांचं मत होतं. त्या स्वतः बोटानं त्यावर लोणी लावत. पेल्याला ओठ लागला तर तो पेला चिंचेनं घासायला टाकणारी ही बाई, मुलाच्या फुटलेल्या फोडाला बोट लावताना तिनं कधी मागेपुढे पाहिलं नाही. आपल्या पोटच्या पोराचा कसला आलाय विटाळ.

सून शाल्मली नागपूरची. इलेक्ट्रॉनिक सिटीत निहारच्याच ऑफिसात ती कामाला होती, तिथेच जमलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती बाटलीला तोंड लावून पाणी पीत असे. ती खोड सासूनं महिन्याभरात मोडली. शाल्मली हसून म्हणायची, तुमच्या घरी पाणी पिणं म्हणजे नेमबाजीच आहे. सासरे उमाकांत, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, ते या बोलण्यावर पेपराआडून हसत. सरकारी कारखान्यात जन्मभर इंजिनियर राहिलेला माणूस, त्यांना सुनेचं चटपटीत बोलणं आवडायचं. श्यामलाबाईंना ते आवडत नसे, पण तेव्हा त्याला काही निमित्त नव्हतं.

खोलीचं दार लागलं, की निहारला एंजलुचा साफ विसर पडे. दोघांना एवढ्यात मूल नको होतं. आठव्या क्रॉस रोडवरचा औषधवाला त्याच्या वडिलांना नावानं ओळखायचा, त्यामुळे साधनं मागायला निहारची जीभ रेटत नसे. मग दोघांनी तोंडाचा मार्ग धरला होता. त्यात काही भीती नसते, असं निहारनंच बायकोला सांगितलं होतं. ऑफिसातली मुलं असंच बोलत, आणि पोटात गर्भ राहत नाही म्हणजे रोगही राहत नाही, असा हिशोब त्यानं मनाशी पक्का केला होता. शिकलेल्या माणसाचा हिशोब चुकला, की तो तपासायलाही कुणी बसत नाही.

त्या आठवड्यात कामाचा ताण होता आणि त्याच्या ओठाला मुंग्या येत होत्या. शाल्मलीनं विचारलं, ओठ लाल का दिसतोय. काही नाही, जर आहे, असं म्हणून त्यानं दिवा घालवला. फोड दुसऱ्या दिवशी उठला.

त्यानंतरच्याच आठवड्यात शाल्मलीला ताप भरला. जांघेत गाठी आल्या. लघवीला गेली, की बाहेर आवाज जाऊ नये म्हणून ती नळ सोडून रडायची. खुर्चीवर बसवेना. निहार ऑफिसात होता, म्हणून श्यामलाबाईंनीच तिला रिक्षात घालून डॉक्टर प्रेमांकडे नेलं. डॉक्टर प्रेमा बायकांच्या डॉक्टर, स्वभावानं कोरड्या आणि कामाला चोख. त्यांनी सासूला बाहेर बसवलं, सुनेला आत घेऊन तपासलं, जखमेचं पाणी तपासणीला पाठवलं आणि गोळ्या लिहून दिल्या. सासूला त्या अक्षरही बोलल्या नाहीत. बोलला तो औषधवाला. वर्षानुवर्षांची ओळख, त्याला वाटलं आपण भलं करतोय. गोळ्यांची पट्टी कापता कापता तो कानडीत म्हणाला, हे त्या खालच्या आजाराला देतात, घरात बाळंतीण आहे तर स्वल्प जपा, अम्मा.

घरात बाळंतीण होणार होती हे खरं. निहारची धाकटी बहीण देवश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचे दिवस भरत आले होते. श्यामलाबाई रिक्षात सुनेपासून हातभर अंतर राखून बसल्या आणि त्या रात्री त्यांनी सुनेचं पान पंगतीतून उचललं.

तपासणी हाती आली तेव्हा डॉक्टरांनी नवराबायको दोघांना बोलावलं. हर्पीस आहे, त्यांनी सांगितलं, आणि तोही पहिल्या जातीचा, जो बहुतेकांच्या ओठावर असतो. मग त्यांनी निहारच्या ओठाकडे पाहिलं. खपली पडून गुलाबी डाग राहिला होता. अधूनमधून इथे फोड येतात का, त्यांनी विचारलं. निहार बूट बघत बसला. शाल्मलीनं हो म्हटलं. तोंडाचा संबंध असतो का, डॉक्टरांनी त्याच सुरात विचारलं, जणू जेवणात मीठ किती असं विचारावं. पुन्हा शाल्मलीनंच हो म्हटलं.

मग डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. हे विषाणू लहानपणीच कुणाच्या तरी मुक्यातून ओठावर येतात आणि जन्मभर नसेत झोपून राहतात. जागे झाले, की फोड. मुंग्या येतात तेव्हाच ते बाहेर पडायला लागलेले असतात, आणि कधीकधी काही न दिसताही पडतात. ओठावरून ते खाली जातात. यात बायकोनं काही केलेलं नाही आणि तुम्हीही मुद्दाम केलेलं नाही. वरती उठला तर उष्णता आणि खाली उठला तर छिनालपणा, असं लोक म्हणतात, पण आजार एकच. तोंडानं काही होत नाही हा समज मात्र डोक्यातून काढून टाका, त्या म्हणाल्या. परमा, म्हणजे गनोरिया, घशात बसतो आणि बऱ्याचदा कळतही नाही. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, फोड ओठावर उठतो आणि दुखतही नाही. एचआयव्ही या वाटेनं क्वचितच जातो, पण बाकीच्यांना ही वाट चांगली माहीत आहे. म्हणून त्यांनी मधल्या दिवसांत निहारलाही लॅबमध्ये पाठवून दोघांचं रक्त आणि घसा या बाकीच्या आजारांसाठी तपासून घेतला होता. ते सगळं साफ होतं. शाल्मलीचं दुखणं गोळ्यांनी बसेल, परत उठलं तर पुन्हा गोळ्या. भांड्यांमधून, कपड्यांमधून, संडासातून हे पसरत नाही.

उठताना डॉक्टर निहारला म्हणाल्या, "घरात बाळ येणार आहे ना? तुमच्या ओठावर फोड असेल तेव्हा त्याच्या जवळ तोंड न्यायचं नाही. नुकतं जन्मलेलं बाळ असेल तर हे मेंदूत जातं. मी गेलेलं बाळ पाहिलंय."

परतताना रिक्षात शाल्मली मांडीखाली ओढणीची घडी घालून बसली होती. खड्डा आला की ती दात आवळायची.

"घरी गेल्या गेल्या आईंना सांग," ती म्हणाली.

"सांगतो."

"आज."

"आज कसं सांगू? काय सांगू? तोंडानं... अगं, ती मला परत पंगतीला बसवेल का?"

"मला उठवलंय त्याचं काय?"

निहारनं रिक्षावाल्याच्या मानेकडे पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी निहारनं आवाज खाली घेतला. देवश्रीचं बाळंतपण पार पडू दे, मग सगळं नीट सांगतो, तो म्हणाला. आईचा रक्तदाब, अण्णांचं वय, ही नेहमीची वाजंत्री त्यानं वाजवली. शाल्मलीनं मान हलवली. तिचा नवऱ्यावर विश्वास होता, तीच तिची चूक.

घरी अण्णा वाट पाहत बसले होते. श्यामलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अण्णांनी चष्मा पुसत विचारलं, "तुझं तपासलं का रे?"

"तपासलं, अण्णा."

"मग?"

"सगळं साफ आहे."

शब्द न् शब्द खरा होता. त्या खऱ्या शब्दांचा निहारनं असा दगड केला, की बायकोच्या डोक्यात तो बरोबर बसला. नवरा साफ, बायको रोगी, म्हणजे रोग बाहेरून आला. अण्णांनी चष्मा घातला, पेपर उघडला आणि त्या दिवसानंतर सुनेच्या बोलण्यावर ते हसले नाहीत.

शाल्मलीनं एकदा स्वतः सांगून पाहिलं. आई, हे यांच्या ओठाचं, एवढंच ती म्हणाली, तेवढ्यात श्यामलाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या मुलाचं नाव त्या घाणीत घेऊ नकोस, त्या म्हणाल्या, त्याचं तपासलंय, साफ आलंय. शाल्मलीनं निहारकडे पाहिलं. निहारला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

मग घराचे नियम बदलले. मागच्या पडवीत फळीवर मोलकरणीची ताटली असे, तिच्या शेजारी शाल्मलीचं ताट आणि पेला जाऊन बसला. तिचे कपडे वेगळ्या बादलीत. तिला आंघोळीला मागचं न्हाणीघर, ज्याच्या दाराला आतून कडी नव्हती. देवश्रीच्या खोलीकडे फिरकायचं नाही. तिचं नाव घेणं बंद झालं, सगळे नुसतं ती म्हणू लागले. तिला ऐकू जाईल अशा बेतानं श्यामलाबाई भिंतीशी बोलत. ऑफिसातून उशीर व्हायचा, आम्ही वेडे सांबार गरम करून ठेवायचो. नागपूरला संत्र्यांच्या जोडीला आणखी काय काय पिकतं कुणास ठाऊक. निहार मूग गिळून जेवायचा. एकदा आईनं त्याच्या पानात तुपाची जास्तीची धार सोडली आणि म्हणाली, माझं बाळ किती सोसतंय. त्यानं ते तूप भातात कालवून खाल्लं.

मनात तो रोज कबुली द्यायचा. मेट्रोत उभ्या उभ्या वाक्यं जुळवायचा. आई, ते माझ्यामुळे झालं. मग पुढचा प्रश्न यायचाच, तुझ्यामुळे कसं. तिथे त्याचं वाक्य तुटायचं. ज्या तोंडाला आईनं कधी कुणाचा पेला लागू दिला नाही, ते तोंड कुठे गेलं होतं हे तिला सांगण्यापेक्षा बायको पडवीत जेवलेली त्याला सोपी वाटायची. ते तो स्वतःशी असं उघड म्हणत नसे. तो म्हणायचा, थोडे दिवस.

देवश्रीला मुलगा झाला. त्या दिवशी निहारनं शाल्मलीला पेढा नेऊन दिला आणि बारशानंतर तू थोडे दिवस माहेरी जा असं सुचवलं. वातावरण निवळलं, की मी सांगेन, मग न्यायला येईन. विमानाचं तिकीट त्यानंच काढलं, बारशाच्याच संध्याकाळचं. खिडकीजवळची जागा घेतली आहे, हेही त्यानं सांगितलं. शाल्मलीनं पेढा हातात धरून ठेवला.

"तू सांगणार नाहीस ना?" तिनं विचारलं.

"सांगेन गं."

"बरं," ती म्हणाली आणि बॅग भरायला उठली.

बारशाच्या आदल्या दिवशी निहारच्या ओठाला मुंग्या आल्या. सकाळी उठून आरशात पाहतो तर झुबका उठलेला, एक फोड फुटून पाझरत होता. डॉक्टर प्रेमांचा कोरडा आवाज त्याच्या कानात वाजला. त्यानं रुमाल ओठावर धरला आणि खाली गेला. श्यामलाबाईंनी रुमाल बाजूला केला, जागरणं झाली रे तुझी, म्हणाल्या, आणि वाटीतलं लोणी बोटानं लावलं. तेच बोट पदराला पुसून त्या बाळाला न्हाऊ घालायला गेल्या. निहार ते बघत उभा राहिला. हात धू, एवढे दोन शब्द. पण दोन शब्दांच्या मागे दोनशे येणार होते.

आता या घराची एक रीत सांगायला हवी. वर्षभर उष्ट्याला शिवू न देणारे हे लोक बारशाच्या दिवशी मात्र मुद्दाम उष्टं देत. पाळण्यात घालण्याआधी मामानं सोन्याची अंगठी मधात बुडवायची, आधी आपल्या जिभेला लावायची, मग तीच बाळाच्या ओठांवरून फिरवायची. मामाचं उष्टं चाटलं, की भाच्याची वाचा लवकर फुटते, असं म्हणत. कुठून आली ही रीत कोण जाणे, पण येलहंक्याहून येणाऱ्या भागुबाई ती चुकू देत नसत. भागुबाई अण्णांच्या आत्या, पंचाऐंशीच्या पुढच्या, दात नसलेल्या आणि जिभेला धार असलेल्या. घरातलं प्रत्येक बारसं त्यांच्या देखरेखीखाली होई.

दिवाणखान्यात बायका जमल्या. पाळण्याला फुलांच्या माळा लावल्या होत्या, घुगऱ्यांचं पातेलं वाफाळत होतं. देवश्री हिरव्या साडीत बाळ घेऊन पाटावर बसली. तिचा नवरा अवधूत मागे उभा राहून फोटो काढत होता. निहारला समोर बसवलं. शाल्मली पडवीत होती. तिच्या बॅगेवर तिनं पाय टेकले होते.

रीत माहीत असल्यानं निहारनं तोवर एक युक्ती मनाशी धरून ठेवली होती. अंगठी ओठांजवळ न्यायची, लावल्यासारखं करायचं आणि पुढे करायची. कुणाला कळणार आहे. त्यानं अंगठी मधात बुडवली आणि वर उचलली. भागुबाई त्याच्याकडे टक लावून बसल्या होत्या.

"नीट चाट रे," त्या म्हणाल्या. "मध चोरतोस की काय. आजोबा होईपर्यंत मुकंच ठेवायचंय का पोराला?"

बायका हसल्या. निहारही हसला, आणि हसता हसता त्यानं अंगठी ओठांत घेतली. मध फोडाला झोंबला. अंगठी बाहेर आली तेव्हा तिच्यावर मध होता, लोणी होतं आणि आणखी काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. बाळानं तोंडाचा चंबू केला होता. निहारनं हात पुढे केला. हे नीट सांगायला हवं, की त्याचा हात थांबला नाही. हळू गेला, पण गेला.

"निहार, त्याच्या तोंडाला ते लावू नकोस."

शाल्मली पडवीच्या दारात उभी होती. बायकांनी माना वळवल्या. श्यामलाबाई उठून तिच्या अंगावर गेल्या, पण हात लावला नाही, विटाळ होईल म्हणून हातभर अलीकडेच थांबल्या. शुभकार्यात कशाला आलीस, आत जा, त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"जाते, आई. संध्याकाळी कायमचीच जाते. पण त्याचा ओठ बघा. मला जे झालंय ते ह्याच फोडाचं आहे. डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलंय. बाळाला लागलं तर बाळ जगायचं नाही."

"जर आहे तो," श्यामलाबाई म्हणाल्या. "जन्मापासून येतो त्याला. ओठावरचा जर तिकडे तुला कसा होईल?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि दिवाणखान्यात लोंबत राहिला. लग्न झालेल्या बायका होत्या सगळ्या. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी घुगऱ्यांच्या पातेल्यात बघू लागली. अवधूतनं फोन खिशात घातला. भागुबाईंना ऐकू कमी येई, त्या शेजारणीला विचारू लागल्या, काय म्हणते ती, काय म्हणते, आणि शेजारीण त्यांना काही सांगेना.

श्यामलाबाई हळूच मुलाकडे वळल्या. "खरं का रे हे?"

निहारच्या हातात अजून अंगठी होती. मध ओघळून मनगटापर्यंत आला होता. त्यानं शाल्मलीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिनं नुसती मान थोडी पुढे काढली होती, जसं चाचपडणाऱ्या माणसाला आपण मानेनं पुढची पायरी दाखवतो. एक हो म्हणायचं होतं. डॉक्टरांसमोर तिनं त्याच्यासाठी दोनदा म्हटलं होतं.

"ती काय बोलते ते मला माहीत नाही," निहार म्हणाला. "डॉक्टरांनी असं काही सांगितलं नाही."

श्यामलाबाईंनी श्वास सोडला. बघितलंत, असं त्या सगळ्यांकडे बघून म्हणाल्या. स्वतःचं पाप लपवायला नवऱ्याच्या तोंडावर उडवते. आणि कशा भाषेत, चारचौघींत, पाळण्यापाशी. शाल्मली उंबऱ्यातच उभी राहिली. तिला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

तेवढ्यात देवश्री पाटावरून उठली. बाळाला छातीशी धरून ती भिंतीपर्यंत मागे सरकली. मध नकोच, डॉक्टर लहान बाळाला मध देऊ नका म्हणतात, ती कुणाकडेही न बघता म्हणाली. मग अवधूतला म्हणाली, दादाच्या हातातली अंगठी घ्या आणि गरम पाण्यात टाका, साबण लावून. अवधूतनं ती रुमालात धरून नेली. अवधूतच्या बहिणीनं, बाळाच्या आत्यानं, घाईघाईनं त्याच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या, पाळणा हलला. त्या दिवशी मामाचं उष्टं कुणी मागितलं नाही. भागुबाईंनीसुद्धा नाही, तोवर त्यांना कुणीतरी कानात सांगितलं होतं.

म्हणजे शाल्मलीचं म्हणणं घरातल्या प्रत्येकानं खरं मानलं. बाळापुरतं.

दुपारी पाहुणे पांगल्यावर ती बॅग घेऊन निघाली. निहार वरच्या खोलीत दार लावून बसला होता. खिडकीतून त्याला फाटकापाशी उभी राहिलेली गाडी दिसत होती. देवश्री बाहेर आली, तेव्हा क्षणभर त्याला वाटलं, ती वहिनीला थांबवतेय. त्यानं मान खिडकीतून मागे घेतली, भीतीनं. खिडकी उघडी होती, बोलणं वर ऐकू येत होतं.

"वहिनी, सकाळी आईनं त्याला बोटानं लोणी लावलं होतं. त्याच हातांनी बाळाला न्हाऊ घातलं. काही झालं असेल का गं?"

शाल्मलीनं बॅग खाली ठेवली. मधे साबण लागला असेल तर बहुतेक नाही, ती म्हणाली. पण लक्ष ठेव. दूध ओढेनासा झाला, अंग तापलं, गळून पडला, नुसता झोपू लागला, कुठे फोड दिसला, तर घरगुती काही करत बसू नकोस, थेट इस्पितळात जा आणि घरात ओठाचा हर्पीस आहे असं तोंड उघडून सांग. ते सांगितलंस तरच ते लवकर औषध सुरू करतील.

"सरी," देवश्रीनं कानडीत होकार दिला. आणखी काही म्हणावंसं तिला वाटलं असेल. तिनं घराकडे पाहिलं, मग आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. गाडी संपिगे रोडकडे वळेपर्यंत निहार खिडकीआड उभा होता. वरून त्याला फक्त शाल्मलीचा कोपर दिसला.

बाळाला काही झालं नाही. पण ते कळायला वेळ होता. त्या संध्याकाळी अण्णा जेवले आणि हात धुऊन निघून गेले. निहार स्वयंपाकघरात आला, त्याच्या नेहमीच्या जागी बसला. पाटासमोर काही नव्हतं. त्यानं फळीकडे पाहिलं. त्याचं चांदीचं फुलपात्र, मुंजीतलं, तिथे नव्हतं.

"पडवीत वाढलंय," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती. त्या हात धूत होत्या, कोपरापर्यंत, आणि धूतच राहिल्या. "जर वाळेपर्यंत तिथेच जेव. बाळाच्या खोलीत जाऊ नकोस. लोणी तुझं तू लाव."

निहारला हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "आई, म्हणजे तुला..."

"माझी तीन बाळंतपणं झाली आहेत, एक मूल गेलं. मला काय कळत नाही?"

"मग शाल्मली?"

श्यामलाबाईंनी नळ बंद केला. पदराला हात न पुसता त्या तशाच ओल्या हातांनी वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तिनं माझ्याजवळ एकटीनं सांगितलं असतं तर मी झाकलं असतं," त्या म्हणाल्या. तिनं सांगायचा प्रयत्न केला होता आणि आपण कान झाकले होते, हे त्या विसरल्या होत्या, किंवा विसरायचं त्यांनी ठरवलं होतं. "तिनं चारचौघींत माझ्या मुलाचं तोंड उघडं केलं. उद्या भागुबाई येलहंक्यात सांगत फिरेल. आता ती या घरात आली, की लोकांना तेच आठवेल. तू एकटा राहिलास तर दोन वर्षांत विसरतील. फोन करू नकोस तिला."

"बरं," निहार म्हणाला.

तो पडवीत गेला. मोलकरणीच्या ताटलीशेजारी त्याचं पान मांडलेलं होतं. जाताना शाल्मलीनं आपलं ताट आणि पेला घासून पालथा घातला होता, तो फळीवर तसाच होता. भात निवला होता. निहार खाली बसला आणि जेवला. सवयीनं मान मागे टाकून त्यानं फुलपात्र वर धरलं. धार थोडी चुकली आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यावरून फुटलेल्या फोडावर गेलं. चांगलंच झोंबलं. त्यानं बाहीनं ते टिपलं आणि उरलेलं पाणी घशात सोडलं.